माऊस सोडला, कीबोर्डवर आले: आरपीनंतरचं माझं एक वर्ष

मी पुण्यात एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. डोळ्यांना रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे रात्रीचं आणि बाजूचं दिसणं हळूहळू कमी करणारा आजार आहे, ज्याला सगळे आरपी म्हणतात, हे कळल्यापासून ते माऊसला हात न लावता मार्चअखेरचे हिशेब पूर्ण करेपर्यंत साधारण वर्ष गेलं. या वर्षात मला सगळ्यात जास्त गरज कशाची वाटली असेल तर आपल्याआधी यातून गेलेल्या कोणीतरी मराठीत सरळ सांगावं की आता हे कर, मग ते कर, इतका वेळ लागतो, इतके पैसे लागतात. तसं कुठे सापडलं नाही म्हणून सगळं लिहून ठेवतेय. काचबिंदूमुळे ज्यांचं बाजूचं दिसणं कमी झालंय त्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल असं वाटतं.

सुरुवात गेल्या वर्षीच्या जानेवारीत झाली. एक्सेलच्या पांढऱ्या शीटवर माऊसचा पॉइंटर सापडेनासा झाला. म्हणजे आधी सेकंदभर शोधावा लागायचा, मग माऊस जोरात हलवून शोधावा लागायला लागला, आणि नंतर तर पॉइंटर एका कोपऱ्यात आणि मी भलतीकडेच बघतेय असं व्हायला लागलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून नवीन चष्मा केला, २,८०० रुपये गेले, फरक शून्य. समोरचं अक्षर मला स्वच्छ दिसायचं, अजूनही दिसतं, त्यामुळे डोळ्यांत काही गडबड आहे हे ना मला पटत होतं ना घरच्यांना. संध्याकाळी जिन्यात चाचपडायला व्हायचं पण ते लहानपणापासूनच थोडं होतं, माझ्या आत्यालाही रातांधळेपणा होता, त्यामुळे त्याचं कधी काही वाटलंच नाही.

फेब्रुवारीत नेत्रतज्ज्ञांकडे गेले. थेंब टाकून पडदा तपासला आणि त्या बाईंनी लगेच पेरिमेट्री, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं ते मोजायची तपासणी, करायला सांगितली. ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी सांगते, एका अर्धगोलात तोंड घालून मधल्या दिव्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला बारीक बारीक ठिपके चमकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. एकेका डोळ्याला बराच वेळ लागतो, मान अवघडते. बराच वेळ एकही ठिपका आला नाही तेव्हा मला वाटलं मशीन अडकलं, आणि मशीन चालवणारी मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, ठिपके येतायत." त्या दिवशी तपासणी, पेरिमेट्री आणि पडद्याचा स्कॅन मिळून ३,५०० च्या आसपास खर्च आला.

डॉक्टरांनी नीट समजावलं. पडद्यावर अंधुक उजेडात आणि कडेचं बघायला मदत करणाऱ्या ज्या पेशी असतात त्या आधी जातात, म्हणून रात्रीचं आणि बाजूचं दिसणं आधी कमी होतं, मधलं बहुतेकदा बराच काळ टिकतं. बोगद्यातून बघितल्यासारखं. हे आनुवंशिक आहे, हळूहळू वाढतं, किती हळू ते प्रत्येकाचं वेगळं. स्कूटर आजपासून बंद. मी "बरं" म्हटलं आणि बाहेर येऊन बाकावर बसून खूप रडले. नवरा शेजारी फाईल धरून बसला होता, तोही काही बोलला नाही. पुढचे काही आठवडे डोक्यात एकच, नोकरीचं काय. मुलगा बारावीला, घराचा हप्ता चालू.

मार्चअखेर कशीबशी काढली. त्या काळात जे जे करून बघितलं ते सांगते कारण सुरुवातीला त्याचा आधार होतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये पॉइंटर मोठा आणि काळा किंवा पिवळा करता येतो. माऊसच्या सेटिंगमध्ये आणखी एक सोय आहे, कंट्रोल की दाबली की पॉइंटरभोवती गोल वर्तुळं उमटतात, ती चालू करून ठेवा. डाव्या बाजूचे ऑल्ट आणि शिफ्ट धरून प्रिंट स्क्रीन दाबलं की हाय कॉन्ट्रास्ट चालू होतो, काळ्यावर पांढरी अक्षरं, डोळ्यांना फार शांत वाटतं. मॅग्निफायर मात्र सगळे सुचवतात, विंडोज की आणि अधिकचं चिन्ह दाबून तो सुरू होतो, पण आरपीवाल्यांनी जपून. आपल्या दिसण्याची खिडकीच लहान आहे, त्यात अक्षरं मोठी केली की एका नजरेत कमी अक्षरं मावतात आणि शोधाशोध आणखी वाढते. माझं डोकं मॅग्निफायरनेच जास्त दुखायचं.

एप्रिलमध्ये मेधाला फोन केला. मेधा माझी कॉलेजची मैत्रीण, लहानपणापासून पूर्ण अंध, बँकेत ऑफिसर आहे. इतक्या वर्षांची मैत्री पण ती कॉम्प्युटर नेमका कसा वापरते हे मी कधी विचारलं नव्हतं, ती करते एवढंच माहीत होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, सहानुभूती वगैरे काही नाही, म्हणाली, "रविवारी लॅपटॉप घेऊन ये. आणि येताना माऊस घरीच ठेव."

गेले. तिने पहिलं काम काय केलं तर माझ्या लॅपटॉपचा ब्राइटनेस पार खाली आणायला लावला, स्क्रीन जवळजवळ काळी. मग एनव्हीडीए टाकायला लावलं. हा स्क्रीनवर जे आहे ते बोलून दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे स्क्रीन रीडर, फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी बनवला, २००६ साली काम सुरू केलं. एका पैशाचं लायसन्स नाही, देणगी ऐच्छिक. सोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठी पण आहे, आवाज रोबोटसारखा आहे पण सवय होते. सुरू झाल्यावर जी पहिली खिडकी येते त्यात कॅप्सलॉकला एनव्हीडीएची की म्हणून वापरायचा पर्याय असतो, तो निवडाच. नाहीतर इन्सर्ट की वापरावी लागते आणि लॅपटॉपवर ती प्रत्येक कंपनीने वेगळ्या कोपऱ्यात ठेवलेली असते. पुढे मी "कॅप्सलॉक" म्हणेन ते या अर्थाने.

पहिल्या दिवशी तिने एफ आणि जे एवढंच करून घेतलं. कीबोर्डवर या दोन कीजवर बारीक उंचवटा असतो, तर्जन्या तिथे ठेवायच्या आणि कुठेही गेलं तरी परत तिथेच यायचं. मी इतकी वर्षं टायपिंग करतेय पण तो उंचवटा बोटांना कधी जाणवला नव्हता. मराठीसाठी मी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी वापरते, त्यात एफवर पहिली वेलांटी आणि जेवर र येतो, स्वर आणि काना-मात्रा सगळ्या डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, त्यामुळे न बघता टाईप करायला इनस्क्रिप्ट खरंच सोपं आहे. इंग्रजी-मराठी बदलायला विंडोज की आणि स्पेसबार. मी नंतर स्टेशनरीच्या दुकानातून पारदर्शक फुगीर स्टिकर आणले, ६० रुपये, आणि एंटर, डिलीट, एफ ५ यांवर लावले. घरासाठी मोठ्या कीजचा वेगळा कीबोर्ड घेतला तो ९५० ला, आणि एका कानाचा हेडफोन ४०० ला, कारण ऑफिसात दुसरा कान मोकळा पाहिजे. सगळी सामग्री एवढीच.

मग शॉर्टकट. त्यातले बरेच सगळ्यांना माहीत असतात, कंट्रोल सी, एक्स, व्ही, झेड. मेधाने सांगितलं की कट-कॉपी-पेस्ट ही कल्पना लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बसवली, आणि झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या चार कीज ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरवर, १९८३ साली, या कामांना मिळाल्या. डाव्या हाताला एका ओळीत. कोणीतरी बसून हाताचा विचार केला होता हे ऐकून मला फार बरं वाटलं. तोपर्यंत शॉर्टकट म्हणजे पाठ करायची यादी असंच वाटायचं.

तिचा नियम असा की आठवड्याला चार-पाचच घ्यायचे आणि ते काम पुन्हा माऊसने करायचंच नाही. पहिल्या आठवड्यात ऑल्ट टॅबने एका खिडकीतून दुसरीत जाणं, विंडोज डीने सगळं खाली, विंडोज ईने फोल्डर, ऑल्ट एफ ४ ने बंद, आणि हरवल्यासारखं वाटलं की कॅप्सलॉक टी, म्हणजे आपण कुठल्या खिडकीत आहोत ते बोलून दाखवतं. हा शेवटचा मी आजही दिवसभर वापरते. दुसऱ्या आठवड्यात एफ २ ने फाईलचं नाव बदलणं, कंट्रोल शिफ्ट एनने नवीन फोल्डर, आणि शिफ्ट एफ १०, जो राईट क्लिकचं काम करतो. कितीतरी लोकांना हे शेवटचं माहीत नसतं. विंडोज व्ही पण त्यातच, आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी देतं, पहिल्यांदा दाबल्यावर ते चालू करायचं का विचारतं, हो म्हणायचं. बडबड थांबवायची असेल तर नुसतं कंट्रोल. कोणती की काय करते हे तपासायचं असेल तर कॅप्सलॉक आणि १, मग कुठलीही की दाबा, काम होत नाही, फक्त नाव सांगतं, परत तेच दाबलं की बंद. भीती न बाळगता सराव करायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

तरी मे-जून फार कठीण गेले. शॉर्टकट पाठ होते, बोटं चालत होती, पण प्रत्येक वेबपेजवर मी वरपासून खालपर्यंत सगळं ऐकत बसायचे. विद्यापीठाचं एक परिपत्रक उघडायचं तर आधी सगळे मेनू, मग सगळ्या लिंक, मग तारीख, तोपर्यंत मी विसरलेली असायचे की काय शोधायला आले होते. डोळ्यांना भिरभिरायची सवय, ती कानाला लागली होती. मेधाला म्हटलं की मला हे जमणार नाही गं. ती म्हणाली, "पुढच्या रविवारी क्लास नाही. केळकर म्युझियमला जाऊ."

जुलैचा पाऊस, रिक्षाने बाजीराव रोडला उतरलो. मला वाटलं मूड बदलायला नेतेय. राजा दिनकर केळकर संग्रहालय मी शाळेच्या सहलीत बघितलं होतं, त्यातलं काही आठवत नव्हतं. दिनकर केळकर म्हणजे अज्ञातवासी या नावाने कविता लिहिणारे, त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, हे मेधाने दारातच सांगितलं आणि म्हणाली, आपल्या दोघींना योग्य ठिकाण आहे. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली, राजा हा त्यांचा मुलगा लहानपणी गेला त्याच्या नावाने हा संग्रह उभा राहिला, सुमारे वीस हजार वस्तू, त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या. राजेरजवाड्यांच्या कमी, घराघरातल्या जास्त. दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, पानाचे डबे, कोरीव दरवाजे, वाद्यं, आणि कोथरूडहून अवशेष आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महाल.

आत गेल्यावर मी पहिल्या कपाटापाशी थांबून घाईघाईने सांगायला लागले, इथे दिवा आहे, इथे अजून एक, तिकडे काहीतरी पितळी... मेधाने माझा दंड दाबला. "थांब. आधी सांग आपण कुठल्या दालनात आहोत. पाटी वाच. मग किती कपाटं आहेत, कुठून कुठे. मग एका कपाटात किती ओळी. वस्तू सगळ्यात शेवटी." मी तसं केलं. आणि गंमत म्हणजे मलाच पहिल्यांदा तो हॉल कळला. माझी नजर एका वेळी जेमतेम एक वस्तू पकडते, त्यामुळे नुसतं बघत सुटलं की सुटे तुकडे हाती लागतात, कुठे काय होतं ते लक्षात राहत नाही. पाटी, कपाट, ओळ, वस्तू असं गेल्यावर प्रत्येक गोष्टीला जागा मिळाली.

अडकित्त्यांपाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ होतो. वस्तू काचेच्या आत, हात लावता येत नाही, हे मेधाला ठाऊक होतं, म्हणून तिने घरून आजीचा अडकित्ता पर्समध्ये आणला होता. साधा लोखंडी, दोन्ही दांड्या झिजून गुळगुळीत. तो हातात धरून ती विचारत होती आणि मी काचेला नाक लावून सांगत होते. बिजागरी कुठे आहे? डोक्याशी. पातं कुठलं? वरचं, खालच्या बाजूला सुपारी ठेवायची खाच. मग दांड्यांचं काय केलंय? तर एकाच्या दांड्या म्हणजे घोड्याचे पाय, एकात स्त्री-पुरुष समोरासमोर, उघडला की दूर होतात आणि मिटला की जवळ येतात. मेधाने आपला अडकित्ता दोन-तीनदा उघडमीट केला आणि एकदम हसली, म्हणाली, "म्हणजे सुपारी फुटेपर्यंत दोघं लांबच राहणार." मी त्या अडकित्त्याकडे इतक्या बारकाईने एरवी बघितलंच नसतं. पितळी वज्र्यांचं पण तसंच, पाय घासायची साधी वस्तू, खालची बाजू खरखरीत आणि वर मोर, हत्ती.

दमून जिन्याच्या कडेला टेकलो तेव्हा तिने मुद्द्याला हात घातला. वेबपेजवर तू आत्ता पहिल्या कपाटापाशी जे करत होतीस तेच करतेस, म्हणाली. आधी पाट्या वाच. ब्राउझरमध्ये एनव्हीडीए चालू असताना नुसतं एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर जातं, शिफ्ट एच मागच्या. के म्हणजे लिंक, टी म्हणजे टेबल, एफ म्हणजे फॉर्मचा रकाना, बी म्हणजे बटण. आणि कॅप्सलॉक एफ ७ दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंक किंवा सगळे मथळे एका यादीत येतात. हे शॉर्टकट तिने मला आधीही सांगितले होते, माझ्या वहीत लिहिलेले होते. पण कशासाठी ते त्या जिन्यात कळलं. डोळ्यांनी शोधायचं सोडून रचना विचारायची. त्या संध्याकाळी घरी येऊन विद्यापीठाची साइट उघडली, एच, एच, एच, परिपत्रकं, मग के, आणि फाईल उघडली. मी नवऱ्याला स्वयंपाकघरातून बोलावून परत करून दाखवलं.

म्युझियमला जाणार असाल तर, विशेषतः नजर कमी असणाऱ्यांनी, सकाळी उघडल्या उघडल्या जा, शाळांच्या सहली सुरू व्हायच्या आधी. इमारत जुनी आहे, जिने आहेत, सोबत पांढरी काठी किंवा माणूस असू द्या. सगळा संग्रह एका दिवसात बघायचा हट्ट नको. आम्ही दोनच मजले केले.

ऑगस्टपासून खरं ऑफिसचं काम कीबोर्डवर घ्यायला सुरुवात केली. एक्सेल तर कीबोर्डसाठीच बनवलंय असं आता वाटतं. कंट्रोल आणि बाण दाबला की भरलेल्या भागाच्या टोकाला, कंट्रोल होमने सुरुवातीला, कंट्रोल एंडने शेवटच्या भरलेल्या सेलला, कंट्रोल पेज डाऊनने पुढच्या शीटला. कंट्रोल स्पेसने पूर्ण कॉलम, शिफ्ट स्पेसने पूर्ण ओळ. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह म्हणजे बेरीज. कंट्रोल आणि अर्धविरामाची की म्हणजे आजची तारीख. एनव्हीडीए प्रत्येक सेलचा पत्ता आणि आकडा बोलतं, त्यामुळे एका आकड्याच्या जागी दुसरा वाचला जाण्याचा प्रश्नच राहत नाही. एक काम करा, शीटमध्ये रिकाम्या ओळी आणि एकत्र जोडलेले सेल ठेवू नका, कंट्रोल-बाण तिथे अडकतो. मी आमच्या सगळ्या जुन्या शीट हळूहळू सरळ केल्या आणि त्याचा फायदा बाकीच्या लोकांनाही झाला.

सगळ्यात मोठी अडचण आली ती जुन्या मराठी पत्रांची. युनिकोडच्या, म्हणजे आता सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल डोळ्यांना मराठी दिसते पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर त्यातलं काहीच्या काही वाचतो. आमच्याकडे पंधरा वर्षांचे ठराव आणि सेवापुस्तकाच्या नोंदींची पत्रं तशीच आहेत. कन्व्हर्टरने बदलता येतात पण जोडाक्षरं तपासावी लागतात, रफार हमखास इकडेतिकडे होतो. मी ठरवलं की सगळं बदलायच्या मागे लागायचं नाही, ज्या पत्राचं काम पडेल ते त्या दिवशी बदलायचं. आणि नवीन प्रत्येक पत्र युनिकोडमध्येच टाईप व्हावं यासाठी प्राचार्यांकडून सूचना काढून घेतली. तुमच्या ऑफिसातही एवढं एक तरी करून घ्या, उद्या कोणालाही उपयोगी पडेल.

आता दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटचं. त्याचा आणि यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज मी सप्टेंबरमध्ये केला. करावा की नाही यावर घरात बरंच बोलणं झालं, सासूबाईंना वाटत होतं की एकदा कागदावर आलं की लोक नावं ठेवतील. मलाही जड गेलं. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २० (४) आहे, शासकीय आस्थापनेत नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्या कारणाने कामावरून काढता येत नाही की पद खाली आणता येत नाही, गरज पडली तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. कायद्यातल्या व्याख्येत अनुदानित संस्थाही येतात. हे वाचल्यावर माझी झोप परत आली. आणि त्यासाठी सर्टिफिकेट हातात असलं पाहिजे.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाईन करायचा, फी नाही. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सहीची स्कॅन केलेली प्रत लागते, फोटो आणि सहीच्या फाईलचा आकार ठरलेला असतो तो आधीच करून ठेवा. मी सायबर कॅफेतून केला, १०० रुपये घेतले. अर्जात हॉस्पिटल निवडायचं, मग तिथे तपासणी. आमच्याकडच्या सरकारी रुग्णालयात त्यासाठी वार ठरलेला होता, मी सकाळी आठला गेले आणि दुपारी दीडला डॉक्टरांपर्यंत पोचले. खाजगी पेरिमेट्री नेली होती, पण त्यांच्याकडेच परत करावी लागेल म्हणाले आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. तेव्हा खूप वैताग आला. जुने सगळे रिपोर्ट मूळ प्रतीसकट न्या, झेरॉक्सचे दोन सेट न्या, डबा आणि पाणी न्या. आणि सोबत माणूस न्याच, डोळ्यात थेंब टाकल्यावर चार-पाच तास सगळं धूसर दिसतं, एकट्याने रस्ता ओलांडायचा नाही.

समोरचं स्वच्छ दिसत असलं तरी नुसत्या दिसण्याच्या क्षेत्रावरही दिव्यांगत्व मोजतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कायद्याच्या परिशिष्टात आहे, शक्य तितका चांगला चष्मा लावूनही दिसण्याचं क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व. "तुम्ही तर पेपर वाचताय" असं कोणी म्हणालं तर हे माहीत असलेलं बरं. मला रांगेतल्याच एका गृहस्थांनी तसं म्हटलं होतं. कार्ड डिसेंबरमध्ये पोस्टाने घरी आलं, पिवळ्या पट्ट्याचं. ४० टक्क्यांच्या आत पांढरा पट्टा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. पोर्टलवरून ई-कार्ड त्याआधीच उतरवून घेता येतं. एसटीत भाड्याला ७५ टक्के सवलत मिळते. प्राप्तिकराच्या जुन्या कर पद्धतीत राहिलात तर दिव्यांग व्यक्तीला ७५,००० ची वजावट आहे (१९६१ च्या कायद्यात कलम ८०यू), ८० टक्के आणि वर असेल तर १,२५,०००. अकाउंट्सवाली असल्याने हे मी सगळ्यात आधी बघितलं.

जानेवारीत ऑफिसला पत्र दिलं, सोबत सर्टिफिकेटची प्रत. मागितलं काय तर ऑफिसच्या मशीनवर एनव्हीडीए टाकायची परवानगी, माझं टेबल खिडकीच्या उजेडाच्या बाजूला, आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत निघता यावं अशी वेळ. परवानगीला दोन आठवडे लागले कारण सॉफ्टवेअर सुरक्षित आहे का याची विचारणा झाली. पत्राची पोच घ्या, तोंडी काही ठेवू नका. टेबल लगेच मिळालं. वेळेचं मार्चनंतर झालं.

मार्चअखेर आली तेव्हा पोटात गोळा होता. कॅशबुक, बँक रिकन्सिलिएशन, अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, सगळं एकाच पंधरवड्यात. एका कानात एनव्हीडीए, दुसऱ्या कानाने ऑफिस. वेग आधीच्या मानाने कमी होता, हे खरं आहे, पहिल्या आठवड्यात मी रोज तासभर जास्त थांबले आणि नवरा न्यायला आला. पण दुसऱ्या आठवड्यात बोटं आपोआप जायला लागली. बँकेच्या पासबुकशी न जुळणारी एक रक्कम होती, दोन आकड्यांची उलटापालट, ती मी ऐकून पकडली, डोळ्यांनी बघून दोघांच्या नजरेतून ती सुटली होती. ३१ तारखेला ताळा लागला.

आता मेधाच्या डोक्यात दिल्ली आहे. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात अनुभव नावाचं स्पर्शाचं दालन २०१५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं, संग्रहातल्या २२ वस्तूंच्या हात लावून बघायच्या प्रतिकृती. सध्या ते खुलं आहे का आणि कोणत्या वेळी, हे तिकीट काढायच्या आधी फोन करून विचारायचंय. रेल्वेची दृष्टीची सवलत पूर्ण अंध व्यक्तीला आहे, स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के, आणि सोबत जाणाऱ्या एका माणसालाही तेवढीच. माझं पिवळं कार्ड त्या सवलतीला चालत नाही. पण मेधाची सोबत म्हणून माझं तिकीट त्यात बसतं, तेव्हा फॉर्म तिच्या नावाने भरायचा आणि एस्कॉर्टच्या रकान्यात मी. दिवाळीच्या सुट्टीचं बघतोय, मेधाच्या बँकेतून रजा मंजूर झाली की पुढचं.